पहिला कान

आमच्या घरी पत्रक आधी ऐकलं जाई आणि मग छापलं जाई. दुपारचं जेवण झालं की आबा, म्हणजे माझे वडील, पडवीतल्या झोपाळ्यावर बसत, कपाळावर चढवलेला चष्मा नाकावर ओढत आणि विचारत, "पहिला कान कुठं आहे?" पहिला कान म्हणजे मी. हातातलं काम टाकून मी खांबाला पाठ लावून खाली बसे. झोपाळा थांबे, कड्यांची करकर थांबे आणि आबांचा वाचायचा आवाज सुरू होई. तो त्यांच्या बोलायच्या आवाजापेक्षा वेगळा होता, थोडा खालचा, प्रत्येक शब्द पायाने चाचपून मग त्यावर वजन टाकल्यासारखा. नियम एकच होता. "खोटं वाटलं तिथं बोट वर कर. का ते सांगू नको. नुसतं बोट." मी बोट वर केलं की ते थांबत, ते वाक्य स्वतःशीच परत म्हणत आणि बरेचदा त्यावर काट मारत. "अख्ख्या गावाचं पाणी नासलं आहे" असं एकदा त्यांनी लिहिलं होतं. मी बोट वर केलं, कारण आमच्या विहिरीचं पाणी गोड होतं आणि मी ते तेव्हाच पिऊन आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "अख्ख्या गावाचं" खोडून "खालच्या वाडीचं" केलं आणि पुढे वाचू लागले. तेव्हा मी शाळेत होते, पण त्या दिवसासारखा मान मला पुढे कुठल्याही कचेरीत मिळाला नाही.

आबा आधी लोट्याला एका कारखान्यात होते. ती नोकरी का सुटली ते त्यांनी स्वतःच एका पत्रकात लिहिलं आहे, मी पुन्हा लिहीत नाही. मग आम्ही पावसजवळ आईच्या वाटणीला आलेल्या आंब्याच्या कलमांत येऊन राहिलो. कलमं थोडी, जमीन सगळी कातळ, आणि त्या कातळावर माझ्या वडिलांची पत्रकं. सांडपाण्यावर, रेशनवर, खतांच्या दुकानांवर, आंबा लवकर यावा म्हणून झाडांच्या मुळाशी ओतायच्या औषधांवर. छपाईत चुकलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी शाळेचा अभ्यास करी. आमच्या बाई गणित तपासायला कागद घेत आणि उलटा करून कारखान्याच्या नाल्याबद्दल वाचत बसत. छापून आलेले गठ्ठे घरी आले की घडी घालायला वाडीतली माणसं जमत आणि आई घावणे घाली. भिडं, म्हणजे घावण्यांचा बिडाचा तवा, तापल्याचा वास, नारळाच्या रसात गूळ विरघळत असल्याचा वास आणि ओल्या शाईचा वास, हे तीन वास माझ्या डोक्यात अजून एकमेकांना चिकटलेले आहेत. "आधी हात धुवा मेल्यांनो," आई ओरडे, "क्रांतीवर तेलाचे डाग नकोत."

असं वाढलेलं पोर दुसरं काय होणार? मी दापोलीला शेतकी शिकले, परीक्षा दिली आणि खतं-कीटकनाशकांची निरीक्षक झाले. पत्रक ओरडून सांगतं ते मी आता शिक्का मारून सांगणार होते. खताच्या पोत्यात परखी, म्हणजे ती टोकदार पोकळ नळी, तिरकी घुसवायची, वरचं आणि तळाचं दोन्ही बाहेर काढायचं, नमुन्याचे तीन भाग करायचे, मेणबत्तीवर लाख वितळवायची आणि गाठीवर पितळी शिक्का दाबायचा. एक भाग प्रयोगशाळेला, एक कचेरीला, एक ज्याचा माल त्याला. ही तीन भागांची रीत मला फार आवडायची. ज्याच्यावर संशय त्याच्याही हातात पुरावा द्यायचा, आणि तोही सीलबंद. सरकारातल्या कितीतरी गोष्टींचा मला राग येतो, पण ही रीत ज्या कुणी घातली त्याच्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. दुकानदार खुर्ची पुसून देत, थंड मागवत, "मॅडम, घशाला कोरड पडली असेल" म्हणत. मी घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी पिई. माझ्याकडे रत्नागिरी तालुका होता आणि लांज्याची जागा रिकामी म्हणून लांजाही होता. पहिल्याच हंगामात मी मिश्रखताचा मोठा साठा विक्रीला बंद केला, तेव्हा घरी येऊन आबांना म्हटलं, "यावर पत्रक काढा की."

"कशावर?"

"मी साठा धरला त्यावर."

आबा हसले. "सरकारी माणसाने आपलं काम केलं, यावर पत्रक काढायचं? मग उद्या एसटी वेळेवर आली तर त्यावरही काढायला लागेल."

मला ते पटलं. पटलं म्हणजे डोक्याला पटलं.

अनंत आमच्याकडे आला तो एका पत्रकामुळेच. लांज्याच्या स्टँडवर चिकटवलेलं आबांचं पत्रक वाचून तो एसटीने पावसला उतरला आणि विचारत विचारत घरी आला. सडपातळ, अंगात धुऊन विटलेला शर्ट, आणि त्या शर्टाच्या खिशात घडी घातलेलं आमचंच पत्रक. वडील नव्हते, आई लांज्याला काजू सोलायला जायची आणि तिची बोटं काजूच्या तेलाने कायमची काळी पडलेली होती. हे त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं, पण कीव मागत नव्हता. ओळख करून देताना सांगतात तसं सांगितलं. त्याला विषाशिवाय मोहोर राखणारं औषध करायचं होतं. करंज, निरगुडी, सीताफळीचा पाला, गोमूत्र, सगळं पिंपात कुजवायचं आणि गाळायचं. आबांनी त्याला आमच्या परसातली जागा दिली. त्या पिंपांचा वास इतका भयंकर होता की आमचं कुत्रं शेजारी राहायला गेलं. पण आई त्याच्यासाठी खायला मागे ठेवी. मी कचेरीतून आले की तव्यावरची शेवटची भाकरी आणि सुकटीची चटणी झाकलेली दिसे आणि मी हात पुढे केला की आई म्हणे, "ती राहू दे गो, अनंता यायचाय."

तो सगळ्यांसारखं आबांना मास्तर म्हणायचा. आबांनी आयुष्यात कधी शिकवलं नव्हतं, पण समोरच्याला हवेत बोटाने आकृती काढून समजावायची त्यांची सवय, म्हणून सारा गाव त्यांना मास्तर म्हणे. एके दिवशी पिंपं ढवळताना अनंतने हाक मारली, "आबा, जरा येताय काय?" मी आत केस विंचरत होते. फणी केसात तशीच राहिली. त्या शब्दावर माझं नाव लिहिलेलं नव्हतं हे मला माहीत आहे. पण घरात आम्हा दोघींशिवाय, म्हणजे मी आणि पुण्याला लग्न होऊन गेलेली माझी बहीण, तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. आणि आबा "आलो रे" म्हणत चप्पल न घालता गेले.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. मी कचेरीतून परत आले, अंगणात स्कूटर लावली आणि मला तो आवाज ऐकू आला. खालचा, चाचपत जाणारा. आबा वाचत होते. झोपाळा थांबलेला होता आणि खांबाला पाठ लावून, माझ्या जागी, अनंत बसला होता. मी पायरीवर उभी राहिले. आबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "ये ये, तू पण ऐक."

तू पण. मी आत गेले, हातपाय धुतले आणि घोटभर पाणी प्यायले. पडवीत अनंतचं बोट वर गेलं असावं, कारण वाचन थांबलं आणि आबा म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मी तव्यावरची भाकरी उचलली आणि उभ्याउभ्या खाल्ली. सगळी. चटणीसकट.

मत्सर हा शब्द पत्रकात कधी येत नाही. पत्रकात अन्याय येतो, शोषण येतं, फसवणूक येते. त्यामुळे मला जे होत होतं त्याला काय म्हणायचं हे कळायला मला वेळ लागला. मी त्याला आधी शंका म्हणून पाहिलं, मग काळजी. आज मी त्याला त्याच्या नावाने हाक मारते आणि त्यात मला लाज वाटत नाही. ज्याच्या घरात एकच खुर्ची असते त्याला दुसरा बसला की उभं राहावं लागतं, एवढीच गोष्ट आहे.

आबांनी अनंतच्या अर्कावर पत्रक काढलं. एसटी वेळेवर आल्याचं पत्रक काढायला जे तयार नव्हते त्यांनी. लाल अक्षरात मथळा होता, "विषाशिवाय मोहोर", आणि खाली अनंतचं नाव, लांज्याचा पत्ता. पावसच्या, गोळपच्या बागायतदारांना त्यांनी स्वतः घरोघर फिरून ते दिलं. पहिल्या वर्षी अर्काचा काही उपयोग झाला नाही. तुडतुड्यांनी मोहोर काळा केला. लोक आबांना वाटेत थांबवून विचारत, "काय मास्तर, तुडतुड्यांनी तुमचं पत्रक वाचलेलं दिसत नाय." आबा हसण्यावारी नेत, पण घरी आले की झोपाळ्यावर नुसते बसत, झोका न घेता. दुसऱ्या वर्षी मात्र चमत्कार झाला. अनंतने लांज्याला शेड घेतली होती, बाटल्यांवर लेबलं आली होती आणि अर्क मारला की दोन-चार दिवसांत मोहोर स्वच्छ. जे हसले होते ते लांज्याला बाटल्या आणायला जाऊ लागले. आबा दहा वर्षांनी तरुण झाले. जेवताना त्याचंच नाव. मी धरलेला एक बनावट औषधाचा साठा त्या आठवड्यात वर्तमानपत्रात आला होता. आबांनी ते कात्रण वाचलं, "बरं केलंस" म्हणाले आणि कात्रणाच्या कोऱ्या कडेवर अनंतला हव्या असलेल्या बाटल्यांच्या झाकणांचं माप लिहिलं.

मग आमच्याच कलमांची पहिली तोडणी आली. तोडणीच्या दिवशी घरात एक ठरलेली गोष्ट असते, ती म्हणजे तांबड्या मुंग्यांच्या नावाने शिव्या. पानं एकमेकांना शिवून त्या कलमांवर घरटी करतात आणि फांदीला हात लागला की मानेपासून आत उतरतात. गडी लांब बांबूची जाळीची घळ आंब्याला लावतात, एक डोळा आंब्यावर आणि एक मुंग्यांवर. आई दरवर्षी हातापायांना राख फासून, डोक्याला फडकं गुंडाळून आंबे वेचायला येते आणि तरी संध्याकाळी खोबरेल लावत बसते. त्या दिवशी ती आंब्याची पाटी उतरवून पायरीवर बसली, फडकं सोडलं आणि खूश होऊन म्हणाली, "औंदा एक मुंगी चावली नाय गो. अनंताच्या औषधाला गुण आहे."

गडी म्हणाला, "खरंच काकी, माझ्या पाठीला पण नाय."

मी आंबे निवडत होते. माझा हात थांबला. पाल्याच्या अर्काने किडे बिचकतात, दूर राहतात, अंडी कमी घालतात. झाडावरच्या सगळ्या मुंग्या तो संपवत नाही. मी उठून कलमांत गेले. घरटी होती जागच्या जागी, पण पानं तपकिरी झालेली. एक खाली ओढून उकललं. आत मुंग्या तशाच होत्या, वाळलेल्या, फुंकर मारली तर उडाव्या अशा. परसात उरलेली बाटली होती, तिचं झाकण काढून नाकाशी धरलं. वर करंजाचा उग्र वास, गोमूत्राचा वास, आणि त्याच्या खाली पातळसा दुसरा एक वास. दुकानांच्या मागच्या बंद गोदामांत मी तो रोज घेत होते.

मला तेव्हा काय वाटलं ते स्पष्ट सांगते. वाईट नाही वाटलं. मला उभारी आली.

संध्याकाळी मी आबांना म्हटलं, "मला नमुना घ्यायचा आहे."

"कुणाचा?"

"अनंतचा."

आई आतून बाहेर आली, हाताला पीठ. "काय गो हे? घरच्या पोराचा नमुना?"

"घरचं पोर मी आहे," मी म्हटलं.

आबांनी चष्मा काढला. "तुला तो आवडत नाही."

"नाही आवडत."

"मग?"

"मग काय? मला आवडतो की नाही हे प्रयोगशाळा विचारत नाही. बाटलीवर वनस्पती अर्क लिहिलंय. आत कीटकनाशक असेल तर ते माझ्या कामात येतं. नसेल तर तुमचा अनंत माझ्या शिक्क्याने खरा ठरेल."

झोपाळ्याची कडी एकदा वाजली. आबा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले, वाक्य तपासताना पाहत तसे. मग म्हणाले, "घे. उद्याच घे. मी येतो बरोबर. तो खरा ठरलेला मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय."

नमुन्याला दोन पंच लागतात, बाहेरची, विश्वासातली माणसं. लांज्यात मला एकही पंच मिळेना. शेडसमोरच्या चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला आणि म्हणाला, "मॅडम, काजूच्या बायकांना सकाळी उधारीवर कोण चहा पाजतो? मी. त्यांच्या अनंताच्या विरोधात सही केली तर माझी किटली तशीच परत जायची घरी." दुसऱ्याने दुकान अर्धं ओढून घेतलं. शेवटी आबा स्वतः गेले आणि एक शिंपी आणि एक काजूचे व्यापारी घेऊन आले. काय सांगून आणलं ते मी ऐकलं होतं. "विरोधात सही नाही, त्याच्या बाजूची सही आहे. अहवाल आला की तुमची नावं पत्रकात छापतो." माझे वडील माझ्यासाठी पंच आणत होते, आणि ते अनंतसाठी आणत होते.

अनंत शांत होता. एकाच दिवशी भरलेल्या तीन बंद बाटल्या त्याने स्वतः फळीवरून काढून दिल्या. मी त्या कापडी पिशव्यांत घातल्या, गाठी मारल्या, चिठ्ठ्या बांधल्या. शेडच्या दाराने वारा येत होता आणि मेणबत्ती टिकेना. अनंत पुढे आला आणि ज्योतीभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरून उभा राहिला. लाख वितळली, थेंब गाठीवर पडला, मी शिक्का दाबला. माझं लाखेचं काम स्वच्छ असतं, अक्षरं उमटतात, कडा फुटत नाहीत. त्यासाठी कचेरीत मला मानतात. आबा माझं काम पहिल्यांदाच पाहत होते. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर ते अनंतच्या हातांकडे बघत होते. "भाजेल रे," ते म्हणाले.

"नाही आबा," अनंत म्हणाला. मग मला विचारलं, "तिसरी माझ्याकडे राहते ना, ताई?"

"हो. ती तुझी. उघडायची नाही."

त्याने ती घेतली आणि फळीवर, जिथं आबांचं लाल अक्षरांचं पत्रक चिकटवलं होतं, त्याच्याखाली ठेवली.

अहवाल आला. अर्कात रासायनिक कीटकनाशक होतं, आणि ते चुकून मिसळलं म्हणावं इतकं थोडं नव्हतं. मी विक्रीबंदीचा आदेश घेऊन लांज्याला गेले. अनंतने तो वाचला आणि सही केली. त्याची आई दारात उभी होती. तिने काळ्या बोटांनी पदर घट्ट धरला होता. मी येताना वाटेत दोनदा स्कूटर थांबवली. हवी ती गोष्ट हातात आली होती आणि ती कुठं ठेवायची ते कळत नव्हतं.

आबांनी अहवाल वाचला आणि म्हणाले, "मुंग्यांचं घरटं दाखव." मी दाखवलं. त्यांनी पानं उकलली, वाळलेल्या मुंग्या तळहातावर घेतल्या. "त्याला कुणीतरी फसवलं," ते म्हणाले. "कुठूनतरी तयार काहीतरी विकत घेतलं असेल त्याने. भोळा आहे." माझं बोट वर गेलं नाही, कारण मला विचारलेलं नव्हतं.

वाडीत बोलणं झालंच. शेजारच्या काकी विहिरीवर मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "बापाच्या मांडीवर दुसरा बसला, म्हणून पोरीच्या पोटात दुखलं."

मी कळशी खाली ठेवली. "दुखलं काकी. आणि बाटलीत विष होतं. दोन्ही खरं आहे."

"एवढी जीभ तुला कुणी दिली गो?"

"पत्रकांनी."

हे उत्तर मला तेव्हा फार आवडलं होतं. आजही आवडतं. पण त्या उत्तरानंतर काकी वर्षभर आमच्याकडे घडी घालायला आल्या नाहीत, आणि आईचे घावणे उरत.

आबा लिहायला बसले. मला ठाऊक होतं ते लिहिणार. "विषाशिवाय मोहोर" ज्यांनी घरोघर वाटलं होतं त्यांना ते खोटं निघालं हेही घरोघर वाटावंच लागणार होतं. नाहीतर माझे वडील माझे वडील राहिले नसते. मी वाट पाहत होते. दुपारी मी मुद्दाम घरी जेवायला येऊ लागले. जेवण झालं की मी भांडी आवरत पडवीत फेऱ्या मारी, खांबापाशी काहीतरी शोधल्यासारखं करी. इतक्या दिवसांनी खांब रिकामा होता. जे पत्रक माझ्या कामातून निघालं, माझ्या नाकाने, माझ्या शिक्क्याने, त्याचा पहिला कान दुसरा कोण असणार? पण आबा लिहीत, खोडत, कागद घडी करून खिशात ठेवत आणि कलमांत निघून जात.

एका रविवारी सकाळी त्यांनी सदरा घातला आणि म्हणाले, "लांज्याला सोडतेस काय?"

"छापायला?"

"नाही. अनंताला वाचून दाखवायचंय."

मी किल्ली हातात घेतली होती ती तशीच राहिली. "मला नाही दाखवलंत."

"ज्याच्यावर लिहिलंय त्याला आधी."

"कारखान्याच्या साहेबांवर लिहिलंत, त्यांना कधी वाचून दाखवलं होतंत?"

आबांनी टोपी नीट केली. "ते ऐकायला बसले नसते." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "आणि मला त्यांचं काही वाटत नव्हतं."

हायवेला लागल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोल जाऊ नये म्हणून. लांज्याला अनंतचं घर शेडच्या मागे, चिऱ्याच्या भिंती, समोर वाळत घातलेली काजूची टरफलं. मी आत गेले नाही. माझ्या आदेशाने त्या घराची शेड बंद होती. मी आत जाऊन चहा पिणार नव्हते. खिडकीखाली सावलीत स्कूटर उभी केली आणि तिच्यावर बसले. आतून भांड्याचा आवाज आला, अनंतच्या आईचा "बसा मास्तर", आणि मग तो आवाज सुरू झाला.

मी कितीतरी दिवसांनी तो पहिल्यापासून ऐकत होते. सोपी, सरळ वाक्यं होती. आपण लोकांना काय सांगितलं होतं, बाटलीत काय निघालं, ते कुणी तपासलं. "शासनाच्या निरीक्षकांनी," ते वाचत होते. माझं नाव नव्हतं. ते बरोबरच होतं, पत्रकात सरकारी माणसाचं नाव नसतं. आपण न तपासता सही केली ही आपली चूक, असंही होतं. आणि मग, "हे औषध करणारा तरुण प्रामाणिक आहे. त्याला कुणीतरी फसवलं आहे."

माझं बोट वर गेलं. सवयीने गेलं. चिऱ्याच्या भिंतीबाहेर, जिथं कुणी बघत नव्हतं, मी बोट वर करून बसले होते.

आत वाचन थांबलं.

"आबा," अनंतचा आवाज आला, "हे खोटं आहे. काढा."

"काय खोटं?"

"मला कुणी फसवलं नाही. मीच घातलं. रत्नागिरीहून बाटली आणली आणि पिंपात ओतली. पहिल्या वर्षी लोक तुम्हाला वाटेत गाठून हसायला लागले. मी पावसला यायचो तेव्हा ऐकायचो ते. मला बघवेना."

बाहेर टरफलांवर एक कोंबडी चालत होती, तिच्या पायांचा आवाज मला ऐकू येत होता.

"माझ्या नावासाठी विष घातलंस?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा असेल अशी माझी अपेक्षा होती. मला तो रागाचा हवा होता. तो तसा नव्हता.

"हो."

"अनंता, अरे माझं नाव काय एवढं..." ते थांबले. मग कागदावर पेन ओढल्याचा आवाज आला, एक लांब काट. "सांग. तूच सांग, मी लिहितो. तुझ्या शब्दांत."

आणि अनंत सांगू लागला. अडखळत, मागे जात, पुन्हा सुरुवात करत, आणि आबा "हं", "हं" करत लिहीत होते. इतक्या वर्षांत मला बोट वर करता आलं होतं. शब्द घालायला मला कधी सांगितलं गेलं नव्हतं. त्याने लबाडी केली आणि त्याला ते मिळालं. त्याने ती माझ्या वडिलांवरच्या मायेने केली, आणि मी कितीही सरळ चालले, माझ्या शिक्क्याच्या कडा कितीही स्वच्छ उमटल्या, तरी तसं काही माझ्याजवळ द्यायला नव्हतं. स्कूटरची सीट उन्हाने तापत चालली होती. मी उठले नाही.

लिहून झालं. कागदांची सळसळ झाली, चष्मा नाकावर ओढल्यावर आबा खाकरतात तसे ते खाकरले.

"आता पहिल्यापासून वाचतो," ते म्हणाले. "खोटं वाटलं तिथं बोट वर कर. का ते सांगू नको."

मी माझं बोट खाली घेतलं. आत कुणाचं वर गेलं की नाही, ते खिडकीतून दिसत नव्हतं.